शाळेच्या स्वयंपाकगृहातील निनावी बरण्या

(केंद्रस्तरीय शिक्षक-संमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय 'स्वयंपाकगृहातील घातक रसायने व त्यांची हाताळणी' असा छापला आहे. हे भारदस्त नाव वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात असे आले असेल की, हा प्रश्न शहरातील मोठ्या उपाहारगृहांचा, वसतिगृहांच्या भटारखान्यांचा. आपल्या दोनशिक्षकी शाळेत रसायने कोठून यावयाची? म्हणून विषयाला हात घालण्यापूर्वी आपणांस एक लहानशी गोष्ट करावयास सांगतो. डोळे मिटून आपापल्या शाळेच्या स्वयंपाकघराचा दरवाजा मनाने उघडावा. कोपऱ्यात ग्रामपंचायतीने ठेवावयास दिलेले टी.सी.एल.चे पोते आहे. खिडकीत फिनेलची बाटली आणि तिच्या शेजारी शौचालयासाठी आणलेले ॲसिड आहे. फळीवर धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा एकाच आकाराच्या दोन डब्यांत आहे. दाराआड गेल्या पंधरा ऑगस्टच्या रंगकामातून उरलेला चुना आहे. तांदळाच्या पोत्यांमागे उंदराचे औषध आहे. आणि तेल ज्या कॅनमध्ये ओतून ठेवले आहे तो कॅन पूर्वी कशाचा होता, हे नक्की कोणास ठाऊक नाही.

साठ मुलांचा भात जेथे रोज शिजतो ते घर गृहिणीच्या स्वयंपाकघरासारखे राहत नाही. ती खानावळच होय. मग खानावळीचे धोके तेथे आले, आणि खानावळीची शिस्तही आली पाहिजे. धोके आले आहेत. शिस्तीविषयी बोलण्याचा मला कितपत अधिकार आहे, ते प्रथम सांगून टाकतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका शाळेचा मुख्याध्यापक होतो. स्नेहसंमेलनाच्या जेवणासाठी गावातून मोठी जर्मनची पातेली आणली होती. जेवणावळ उठली. पातेल्यांच्या बुडाला करपलेल्या खिरीचा जाड थर धरला होता. स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी सोडा मागितला. फळीवर मुरंब्याची एक रिकामी बरणी होती आणि तिच्यात पांढरे, चपटे, खड्यांसारखे तुकडे होते. मावशींनी बरणी आणून मला विचारले, "गुरुजी, हा सोडा हाताला बुळबुळीत लागतोय. हाच का?" मी हिशेबाच्या वहीत डोके घालून बसलो होतो. मान वर न करता मी म्हणालो, "हाच, हाच."

तो कॉस्टिक सोडा होता. मोरीचा तुंबलेला नळ साफ करण्यासाठी मीच तो तालुक्याहून आणला होता, पिशवी फाटली म्हणून मीच तो मुरंब्याच्या बरणीत भरला होता, आणि बरणीवर काही लिहिले नव्हते. मावशींनी मूठभर तुकडे कढत पाण्याच्या पातेल्यात टाकले. कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळताना स्वतःच मोठी उष्णता सोडतो. त्यातून ते पातेले ॲल्युमिनियमचे. कॉस्टिकचे पाणी ॲल्युमिनियमला अक्षरशः खाते. त्या क्रियेत हायड्रोजन वायू बुडबुड्यांनी बाहेर पडतो आणि पाणी उकळी फुटल्यासारखे वर येते. ते फेसाळून उसळले आणि मावशींच्या उजव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत उडाले. चेहरा तेवढा वाचला, कारण त्या क्षणी कोणीतरी हाक मारली म्हणून त्यांनी मान वळविली होती.

कोणी हळद आणावयास धावले, कोणी लिंबू चिरून आणले. एवढे शहाणपण मात्र मला त्या वेळी सुचले की, मी मावशींचा हात हापशाखाली धरला आणि चौथीतल्या दोन मुलांना आळीपाळीने हापसावयास सांगितले. अर्धा तास आम्ही पाणी ओतत होतो. हाताची कातडी काळवंडली. व्रण आजही आहे. त्या बाईंनी मला कधी बोल लावला नाही, आणि आम्ही दोघेही त्या 'हाच, हाच'बद्दल पुन्हा कधी बोललो नाही. आज सर्वांसमोर बोलतो आहे, कारण एका फार मोठ्या दुर्घटनेत मला तोच प्रसंग पुन्हा दिसला.

दि. १६ जुलै २०१३. बिहारमधील सारण जिल्हा, मशरख प्रखंडातील धर्मासती गंडामन नावाचे खेडे. शाळा एका खोलीची. स्वतंत्र स्वयंपाकगृह नाही, कोठार नाही. त्यामुळे शिधा मुख्याध्यापिकेच्या घरी राहत असे. त्या दिवशी मुलांसाठी भात आणि सोयाबीन-बटाट्याची भाजी होती. मुले जेवली आणि थोड्याच वेळात पोटे धरून लोळू लागली. तेवीस मुले दगावली. भाजीच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले. पूर्वी कीटकनाशक असलेल्या डब्यात तेल ठेवले गेले होते, असे तपासात पुढे आले. तीन वर्षांनी, २०१६ साली, न्यायालयाने मुख्याध्यापिकेस दोषी ठरवून कारावासाची शिक्षा दिली.

ही बातमी त्या वेळी आपण सर्वांनी वाचली. 'किती निष्काळजीपणा!' असे म्हणून वर्तमानपत्र बाजूलाही ठेवले. माझी नजर मात्र तिच्यातील एका तपशिलावर अडकली. स्वयंपाक करणाऱ्या बाईंना तेल बरे वाटले नव्हते. त्याच्या वासाविषयी व रंगाविषयी त्यांनी शंका काढली होती. तरीही तेच तेल वापरावयास सांगण्यात आले. त्या बाईंनी स्वतःही ती भाजी चाखली आणि त्याही आजारी पडल्या. म्हणजे त्या शाळेत विष ओळखणारे नाक होते. आमच्याही शाळेत कॉस्टिक ओळखणारी बोटे होतीच. उणीव होती ती ऐकणाऱ्या कानाची. माझ्या आणि त्या मुख्याध्यापिकेच्या चुकीत गुणात्मक भेद मला करता येत नाही. फरक पडला तो बरणीत काय होते, एवढ्यामुळेच.

मोनोक्रोटोफॉस हे नाव आपल्या कापूस पिकविणाऱ्या भागात कोणास अपरिचित नाही. शेतकरी त्याला नुसते 'मोनो' म्हणत. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले. त्या फवाऱ्यांत वापरल्या गेलेल्या औषधांतही हे होते. भाजीपाल्यावर त्याच्या वापरास २००५ सालीच मनाई झाली होती, आणि २०२३ साली केंद्र सरकारने त्याच्या नेहमीच्या द्रव प्रकारावर बंदी घातली. परंतु बंदी कागदावर येते तेव्हा घरोघरचे रिकामे डबे काही आपोआप नाहीसे होत नाहीत. ते डबे मजबूत असतात, झाकण घट्ट बसते, फेकावयास जीव होत नाही. कोणी त्यात रॉकेल भरतो, कोणी पेंड, कोणी तेल. 'तीन वेळा घासून धुतला आहे' असे सांगतात. प्लॅस्टिकच्या भिंतीत मुरलेले औषध घासण्याने पुरते निघत नाही, आणि तेलात विरघळणारी द्रव्ये तेल भरताच पुन्हा त्यात उतरू शकतात. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत रिकामे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरावेत असे म्हटले आहे, ते याचसाठी. शाळेच्या आवारात असा डबा आढळला तर त्याला भोके पाडावी. भोके पाडलेल्या डब्याचा मोह कोणास होत नाही.

त्या नियमांमागेही एक करुण कथा आहे. १९५८ साली केरळात गव्हाचे पीठ खाऊन शंभराहून अधिक माणसे मेली. पीठ ज्या जहाजातून आले, त्याच जहाजात पॅराथिऑन या कीटकनाशकाची पिंपे भरली होती. पिंपे गळली आणि विष पोत्यांत शिरले. त्या घटनेच्या चौकशीतून पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. केरळातील ते पीठ आणि गंडामनचे तेल यांमध्ये पंचावन्न वर्षांचे अंतर आहे. दोन्ही ठिकाणी कोणी कोणाला मारावयास निघाले नव्हते. अन्न आणि विष एका छपराखाली ठेवले गेले, एवढेच घडले होते.

याच कायद्याखालील नियमांनी कीटकनाशकाच्या डब्यावर चौकट-त्रिकोणाची रंगखूण सक्तीची केली. लाल म्हणजे अत्यंत विषारी, आणि त्यावर कवटी व हाडांचे चित्र. त्याखालोखाल पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. मोनोक्रोटोफॉसला लाल होता. हिरवा म्हणजे निर्धास्त असे मात्र समजू नये. तो केवळ या चौघांतला सौम्य. परिसर अभ्यासाच्या तासाला ही चार चिन्हे फळ्यावर रंगीत खडूंनी काढावी आणि मुलांना आपापल्या घरच्या डब्यांवर ती शोधून यावयास सांगावे. हात न लावता, हे बजावून. आपल्या मुलांचे वडील ज्या गोष्टी कृषी-सहायकाचे ऐकून करीत नाहीत, त्या मुलीने संध्याकाळी विचारल्यावर कित्येकदा करतात, असा माझा अनुभव आहे.

आता टी.सी.एल.कडे वळतो. येथे थोडे सविस्तर बोलावे लागेल, कारण हा पदार्थ आपला मित्र आहे आणि मित्राविषयी माणूस गाफील राहतो. टी.सी.एल. म्हणजे विरंजक चूर्ण, ब्लीचिंग पावडर. ताज्या चांगल्या मालात सुमारे ३३ टक्के उपयोगी क्लोरीन असतो. विहिरीत किंवा टाकीत योग्य मात्रेने टाकल्यावर तासाभराने लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहावा, अशी अपेक्षा असते; ओ.टी.च्या थेंबांनी पाणी पिवळसर होते ते त्याचेच लक्षण. घासून-धुऊन स्वच्छ केलेली भांडी निर्जंतुक करावयाची असतील तर लिटरला ५० ते १०० मिलिग्रॅम क्लोरीन पुरेसा होतो. यावरून तोंडी हिशेब करून पाहावा. तीन ग्रॅम चूर्णात एक ग्रॅम, म्हणजे हजार मिलिग्रॅम क्लोरीन. दहा लिटरच्या बादलीत तेवढे टाकले की लिटरला शंभर मिलिग्रॅम झाले. तीन ग्रॅम! आणि मी शाळांतून पाहतो ते काय? मूठ भरून चूर्ण पातेल्यात, वर पाणी आणि तसेच घासणे. मूठभर टाकल्याने भांडे अधिक शुद्ध होत नाही. जर्मनचे पातेले खडबडते, हाताच्या भेगा चरचरतात आणि नीट खंगाळले नाही तर दुसऱ्या दिवशी वरणाला वास येतो. पाचवीच्या वर्गाला त्रैराशिकाची उदाहरणे पुस्तकातून देण्याऐवजी ही द्यावीत. आणि टी.सी.एल.साठी एक लहान चमचा वेगळा ठेवून, त्यात किती ग्रॅम मावतात ते किराणा दुकानाच्या काट्यावर एकदा मोजून, चमच्याच्या दांड्याला रंग लावून ठेवावा.

खरा धोका मात्र वेगळाच आहे. टी.सी.एल. आणि शौचालयाचे ॲसिड एकत्र आले तर क्लोरीन वायू मोकळा होतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ च्या एप्रिल महिन्यात, बेल्जियममधील ईप्र गावाजवळ जर्मन सैन्याने शत्रूवर जो वायू सोडला तो हाच. पिवळट-हिरवा, घशाला झोंबणारा, हवेपेक्षा जड. म्हणून तो खंदकांत उतरला. आपल्या शौचालयाला खिडकी नसते. सफाई करणारी व्यक्ती उकिडवी बसून, तोंड जमिनीजवळ आणून घासते. डाग निघत नाही म्हणून 'दोन्ही टाकून बघू' असे तिला वाटणे अगदी स्वाभाविक आहे. दोन औषधे मिळून गुण दुप्पट येईल, असा हिशेब कोणीही करील. म्हणून तिला नुसते 'मिसळू नका' असे सांगून भागत नाही, मिसळल्यावर काय होते तेही सांगितले पाहिजे. जो मनुष्य कारण जाणतो तो नियम विसरला तरी वाचतो. फिनेल, ॲसिड, टी.सी.एल., धुण्याची पावडर, यांतील कोणतीही एक वस्तू वापरावी. ती पाण्याने पूर्ण वाहवून टाकल्याखेरीज दुसरीला हात लावू नये. आणि वास आलाच तर बादली उचलण्याच्या भानगडीत न पडता प्रथम माणसाने मोकळ्या हवेत, वाऱ्याच्या वरच्या अंगाला यावे. खोकला थांबला म्हणून घरी निजावयास जाऊ नये. फुप्फुसांना सूज काही तासांनी येऊ शकते, तेव्हा दवाखान्यात दाखवावेच.

फिनेलविषयी एकच गोष्ट सांगतो. काळे फिनेल पाण्यात पडले की पाणी दुधासारखे पांढरे होते. असे पांढरे पाणी पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत भरून खिडकीत ठेवलेले मी तीन शाळांत पाहिले. पहिलीच्या मुलाने ते दूध समजले, तर चूक मुलाची म्हणता येईल काय?

हाच दोष शहरातील श्रीमंत उपाहारगृहांतही आहे. २०२४ च्या मार्च महिन्यात दिल्लीजवळील गुरुग्राम येथे एका उपाहारगृहात जेवणानंतर मुखशुद्धी म्हणून पाहुण्यांच्या हातावर पांढरे खडे ठेवण्यात आले. तोंडात टाकताच जिभा भाजल्या, रक्ताच्या उलट्या झाल्या आणि पाच जणांना रुग्णालयात न्यावे लागले. तो कोरडा बर्फ होता. म्हणजे गोठविलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंश तापमानाचा. पांढरा, खड्यांचा, नाव नसलेला. माझ्या मुरंब्याच्या बरणीचेच ते भावंड. आपले माजी विद्यार्थी पुण्या-मुंबईच्या उपाहारगृहांत भांडी घासण्यापासून कामाला लागतात. तेथे भट्ट्या साफ करण्याचे द्रव, भांडी धुण्याच्या यंत्रातील तीव्र अल्कली, नळावरचे पांढरे थर काढण्याची आम्ले, हे सर्व पस्तीस-पस्तीस लिटरच्या कॅनमधून लहान बाटल्यांत ओतून घेतात. मूळ कॅनवर सूचना असतात, लहान बाटलीवर काहीच नसते. आठवी-नववीत शाळा सोडून जाणाऱ्या मुलाला आपण निरोपाच्या वेळी पेन देतो. त्याबरोबर, नाव नसलेल्या बाटलीला हात लावू नये आणि ॲसिडात पाणी ओतू नये, पाण्यात ॲसिड ओतावे, एवढे दोन शब्द दिले तरी ते त्याला पेनाइतकेच उपयोगी पडतील.

उंदरांचा प्रश्न मी थोडक्यात आटोपतो. शाळेच्या धान्याजवळ उंदराचे औषध ठेवूच नये, पिंजरा लावावा. पावाला किंवा टोमॅटोला लावून ठेवतात ती पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट मुलांना खाऊ वाटते, आणि तिचा परिणाम यकृतावर दोन-तीन दिवसांनी दिसतो, तोवर सर्वजण निर्धास्त झालेले असतात. धान्यात ठेवावयाच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून दमट हवेत फॉस्फिन नावाचा वायू सुटतो. त्या विषावर उतारा नाही. ज्या खोलीत माणसांचा वावर आहे तेथे त्या गोळ्यांना जागा नाही. पोती जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवली आणि कोठार कोरडे राखले, तर गोळ्यांची गरजही सहसा पडत नाही.

एवढी काळजी घेऊनही प्रसंग आला तर काय करावे? मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी काढण्याची आपल्याकडे फार जुनी रीत आहे. ती कृपा करून सोडावी. ॲसिड किंवा कॉस्टिक पोटात गेले असेल तर ते वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. रॉकेल असेल तर उलटीबरोबर फुप्फुसांत शिरते. आणि मूल अर्धवट शुद्धीवर असेल तर उलटीनेच गुदमरते. कॉस्टिकवर लिंबू आणि ॲसिडवर सोडा हा रसायनशास्त्राचा फळ्यावरचा नियम माणसाच्या अंगावर लावू नये. त्या क्रियेतही उष्णता निघते. कातडीवर आणि डोळ्यांत एकच औषध, पाणी. निदान वीस मिनिटे, घड्याळ लावून. तंबाखूच्या चुन्याची पुडी दाबताना फुटून मुलांच्या डोळ्यांत चुना उडतो आणि कित्येकांची दृष्टी त्यात गेली आहे. तेथेही आधी पाणी, मग दवाखाना. वाटेतही पाणी ओतत राहावे.

कीटकनाशकाची बाधा ओळखण्याच्या खुणा शिक्षकाला ठाऊक असाव्यात. तोंडाला लाळ, अंगाला दरदरून घाम, डोळ्यांतून पाणी, पोटात मुरडा, उलट्या, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक, आणि मग श्वासाला अडथळा. मज्जातंतूंचा निरोप स्नायूंना पोचविणारे एक द्रव्य शरीरात असते. निरोप पोचला की ते नष्ट व्हावयास हवे. या औषधांमुळे ते नष्ट होत नाही, आणि निरोप थांबतच नाही. यावर ॲट्रोपिन हे इंजेक्शन आहे. ते प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळावयास हवे. आपल्या केंद्रात ते आहे की नाही हे शांततेच्या दिवसांत जाऊन विचारून ठेवावे. एकाच वेळी दोन मुलांना अशा खुणा दिसल्या तर तिसऱ्याची वाट न पाहता वाढप थांबवावे, १०८ ला दूरध्वनी करावा, औषध सांडलेले कपडे काढून अंग साबणाने धुवावे, आणि उरलेले अन्न व संशयित डबा दवाखान्यात बरोबर न्यावा. घाबरून अन्न ओतून देऊ नये. डॉक्टरला तोच पुरावा, तीच दिशा.

गंडामननंतर देशभर आदेश निघाले की, मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने व मोठ्या माणसांनी अन्न चाखावे आणि त्याची नोंद ठेवावी. आपल्याकडे चव-नोंदवही आहे. तिच्यात महिनोन् महिने 'चव उत्तम' हे दोन शब्द एकाच शाईने, कित्येकदा एकाच बैठकीत लिहिलेले मी तपासणीत पाहिले आहेत. त्यावर मी रागावणार नाही. माझ्याही शाळेतली वही तशीच असे. परंतु चाखणे ही शेवटची पायरी आहे. त्या पायरीपर्यंत विष आले म्हणजे ते कढईत पडलेले आहे. त्याच्या आधीच्या पायरीवर, डबा उघडताना, तेथे कोण असते? आपण वर्गात असतो. तेथे मावशी असतात. डबा त्या उघडतात, वास त्यांना येतो, खडे त्यांच्या बोटांना लागतात. आणि सगळ्या शाळेत अधिकार जर कोणाला सर्वांत कमी असेल तर तो त्यांनाच. मानधन तुटपुंजे, नेमणूक वर्षावर्षाची, आणि 'हे तेल नको' म्हणण्याची छाती व्हावी अशी जागा कोणती?

म्हणून माझी आपणांस एकच मागणी आहे. आपापल्या शाळेत, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव करून, स्वयंपाक करणाऱ्या बाईंना असा अधिकार लेखी द्यावा की, कोणत्याही जिनसाविषयी त्यांना शंका आली तर त्या दिवशी ती जिन्नस चुलीवर चढणार नाही; आणि कारण सिद्ध करण्याची जबाबदारी त्यांच्यावर नसेल. चव-नोंदवहीत एक रकाना वाढवावा, 'मावशींचे म्हणणे' म्हणून. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहवून घ्यावे.

काही बंधू म्हणतील, "गुरुजी, अन्न फेकले तर वर जाब द्यावा लागतो. मुले उपाशी राहिली तर गाव अंगावर येते." दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि मी त्या हसण्यावारी नेत नाही. तथापि हिशेब पाहावा. योजनेच्या प्रमाणाप्रमाणे पाचवीपर्यंतच्या मुलामागे रोज पाच ग्रॅम तेल. साठ मुलांच्या शाळेत ते तीनशे ग्रॅम झाले. संशयाच्या दिवशी आपण तीनशे ग्रॅम तेल बाजूला ठेवणार आहोत. त्या दिवशी बिनफोडणीचे वरण-भात करावे. चूल पेटवणेच नको असेल तर दुकानातून गूळ-फुटाणे आणावेत. मुलांना ते आवडतातही. आणि जाब विचारला गेला तर त्या रकान्यातील ओळ दाखवावी. त्यावरून कोणास बोलणी बसलीच, तर मला बोलवा. मुरंब्याच्या बरणीची हकीगत सांगावयास मी कोणत्याही कचेरीत येईन.

जेवणाची वेळ झाली. मागील आठवड्याच्या सूचनेप्रमाणे आपण प्रत्येकाने आपल्या शाळेच्या स्वयंपाकगृहातून नाव नसलेला एक डबा किंवा बाटली आणली आहे, ती व्हरांड्यातील टेबलावर, झाकण न उघडता ठेवावी. रंग, कागदाच्या पट्ट्या आणि डिंक मी आणला आहे. सोबत ज्यांच्या मावशी आल्या आहेत त्यांना दुपारच्या बैठकीत पुढच्या रांगेत बसवावे. डब्यांत काय असावे, ते प्रथम त्यांना विचारू.